पहिल्या गावची बाटली

"माझी मुलगी जाऊन आज सोळा दिवस झाले," समोर बसलेली बाई म्हणाली. "माझ्या भावानं तिला मारलं का, एवढंच मला सांगा."

आवाजात रडू नव्हतं, राग नव्हता, काहीच नव्हतं. शिंप्याकडे कापड टाकताना माप सांगावं, तसं तिनं ते सांगितलं.

वकिलांच्या हातातली बशी हलली आणि चहा सदऱ्यावर सांडला. विमाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. तीस वर्षं त्यांनी विमा कंपनीत दाव्यांची तपासणी केली होती. जळालेली दुकानं, बुडालेल्या होड्या आणि कागदावर मेलेली पण बाजारात भाजी घेणारी माणसं, असं सगळं बघून झालं होतं. निवृत्तीनंतर शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरची खोली घेऊन त्या खासगी तपास करायला लागल्या, पण 'विमाबाई' हे नाव काही सुटलं नाही. वकिलांनी कोर्ट सोडलं होतं की कोर्टानं वकिलांना, यावर गावात दोन मतं होती. बाईंकडे डोकं होतं, वकिलांकडे गाडी होती, म्हणून भागीदारी जमली.

"पहिल्यापासून सांगा," विमाबाई म्हणाल्या.

"आमच्या गावाला पिण्याच्या पाण्याची एकच विहीर. तिच्यावर पंप, वर टाकी आणि टाकीतून घरोघरी नळ. पंप माझा धाकटा भाऊ चालवतो. रोज सकाळी टाकीत जंतुनाशक पावडर टाकायचं कामही त्याचंच. गेल्या महिन्यात गावात सतरा जणांना जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. सोळा जण उठले."

ती थांबली. विमाबाईंनी पाण्याचा पेला तिच्यापुढं सरकवला.

"भिंगरी म्हणायचो आम्ही तिला. एका जागी बसायचीच नाही. नऊ वर्षांची होती. आता परवा, शुक्रवारी चार वाजता, चौकशी अधिकारी भावाची सही घेणार आहेत. 'मी पावडर टाकली नाही' असा जबाब त्यांनी लिहूनच ठेवलाय. आणि तो सही करणार म्हणतो."

"टाकली नव्हती का त्यानं?"

"विचारलं तर म्हणतो, आठवत नाही. सही केली की तो तुरुंगात जाईल. जाऊ दे म्हणावं की थांब म्हणावं, मला कळत नाहीये. सोळा दिवस मी त्याच्याशी एक शब्द बोललेली नाही."

"आणि तुमचे यजमान?"

"हे कुणाशीच बोलत नाहीत. हे पाण्याच्या प्रयोगशाळेसाठी बाटल्या गोळा करतात. आठ गावं आहेत ह्यांच्याकडे, आमचं धरून. आमच्या पाण्याचा रिपोर्ट दर महिन्याला स्वच्छच यायचा. म्हणून तर सगळं भावावर आलं. पाणी चांगलं होतं, त्यानं हयगय केली, असं सगळे म्हणतात."

वकील हळहळले. "उघडच आहे हो."

"उघड दिसणारी गोष्ट आधी उचलून बघावी, वकीलसाहेब," विमाबाई म्हणाल्या. "सदरा बदला. निघायचंय."

रस्ता चांगला होता आणि वाटेत ते कुठंही थांबले नाहीत. तरी शहरापासून गावापर्यंत बरोबर दीड तास लागला, आणि त्यातला तासभर वकील आपल्या कंबरेबद्दलच बोलत होते.

पंपघर म्हणजे एक दार आणि एक खिडकी असलेली विटांची खोली. भाऊ पालथ्या बादलीवर बसला होता. पंचविशीतला असेल, पण कुणी उठवल्याशिवाय उठणार नाही असा बसला होता. कोपऱ्यात पावडरीचं पोतं आणि त्यावर डबा कापून केलेलं पत्र्याचं माप. एका भिंतीवर खडूच्या रेघा होत्या, पाच-पाचच्या जुड्या बांधलेल्या. दुसऱ्या भिंतीवर दर महिन्याचा रिपोर्ट खळीनं चिकटवला होता, जमिनीपासून छतापर्यंत.

"ह्या रेघा कसल्या?" विमाबाईंनी विचारलं.

"पावडर टाकली की मारतो. रोज एक."

विमाबाईंनी महिना-महिना मोजला. दिवस जुळले. मुलगी आजारी पडली त्या आठवड्यातही एक सकाळ सुटलेली नव्हती.

"मग आठवत नाही का म्हणता?"

"अधिकारी म्हणाले, रेघा कुणीही मारेल. तेही खरंच आहे." तो जमिनीकडे बघत होता. "रिपोर्ट स्वच्छ होता. पावडर टाकली होती. मग पोर गेली कशी? म्हणजे मीच चुकलो असणार. दुसरं कोण आहे?"

"किती पावडर टाकता?"

"रिपोर्ट योग्य आला की चार मापं. अयोग्य आला की आठ. पहिल्यापासून तसंच ठरलंय. गेल्या महिन्यात पाण्याला जरा वास यायला लागला, तेव्हा मी आठ टाकू का म्हणून विचारलं. गावप्रमुख म्हणाले, औषधाचा वास येतो म्हणून बायका तक्रार करतात. दाजी म्हणाले, कालच रिपोर्ट आलाय, स्वच्छ आहे, उगाच घाबरू नकोस. मग चारच टाकली."

दाजी म्हणजे ताईचा नवरा, बाटल्या गोळा करणारा.

वकील चष्मा कपाळावर चढवून रिपोर्ट वाचत होते. "हा मुलीच्या आधीचा शेवटचा. नमुना घेतल्याची वेळ बारा पन्नास. प्रयोगशाळेत पोचल्याची वेळ एक पस्तीस. वा, कामाला उशीर नाही हं. जंतू शून्य. जडपणा अठ्ठ्याऐंशी. निष्कर्ष, पिण्यास योग्य. झालं की बाई. आणखी काय वाचायचं?"

"त्याच्या वरचे वाचा. अगदी छतापर्यंत."

"मान मोडेल माझी."

विमाबाईंनी स्वतःच बादलीवर चढून वरचे कागद वाचले आणि खाली उतरल्या. हाताला पावडर लागली होती, म्हणून बाहेरच्या नळावर धुवायला गेल्या. साबण घासघासून दमल्या, पण फेस काही येईना.

"आमचं पाणी असंच आहे," भाऊ दारातून म्हणाला. "धुणं धुताना ताई रोज त्याला शिव्या घालते." मग त्याला आठवलं असावं की ताई आता काहीच बोलत नाही. तो परत आत जाऊन बसला.

गावप्रमुखांना शोधावं लागलं नाही. मोटार बघून ते स्वतःच आले. अंगानं भरलेले, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"चहा घ्या, बसा, पण त्या पोराच्या नादी लागू नका," ते म्हणाले. "कामचुकार. आम्ही गावासाठी एवढं करतो..."

"काय-काय करता?"

"हे बघा ना, शाळेची नवी स्वच्छतागृहं. आठ दारं. सगळ्या भागात अशी नाहीत."

विमाबाई स्वच्छतागृहांच्या मागे गेल्या. तिथं मैल्याचा शोषखड्डा होता, सिमेंटचं झाकण अजून पांढरं होतं. तिथून त्या पावलं मोजत उताराकडे निघाल्या. अठराव्या पावलाला विहिरीचा कठडा आला.

"हा खड्डा कधी खणला?"

"दोन महिने झाले." गावप्रमुखांच्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या. "बाई, मधे माती आहे की. माती गाळते सगळं. आणि पाण्यात दोष असता तर रिपोर्टात आला नसता का? खड्ड्यानंतरचाही रिपोर्ट स्वच्छ आहे. सरकारी कागद आहे, माझ्या घरचा नव्हे."

गाडीकडे येताना वकील कुजबुजले, "सापडला! चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय. ह्या गड्यानं खड्डा लपवायला पोराला पुढं केलंय."

"पुढं केलंय हे खरं. पण खड्डा त्यानं लपवलाय कुठं? अभिमानानं दाखवला की. त्याला खरंच वाटतं की खड्ड्यानं काही झालं नाही. रिपोर्ट स्वच्छ आहे ना."

"मग?"

"मग भूक लागली असेल तुम्हाला. चला, मुलीच्या घरी जाऊ."

घर दोन खोल्यांचं होतं. दाराशी लहान चपलांचा जोड होता, एक सरळ, एक उलटी. तो कुणी हलवला नव्हता. बाईंनी सगळ्यांना उकळून गार केलेलं पाणी दिलं. मुलीनंतर गावात सगळेच पाणी उकळत होते. चुलीवरच्या पातेल्याला आतून पांढरं, खरखरीत पूट चढलं होतं. विमाबाईंनी त्यावर नख फिरवून पाहिलं.

"नवीन आहे हो," ती म्हणाली. "पंधरा दिवसांत असं झालं. घासून निघत नाही."

मुलीचा बाप भिंतीला टेकून बसला होता. खुंटीला त्याची कापडी पिशवी होती, तिच्यात कप्पे शिवलेले, एकेका गावाच्या बाटल्यांसाठी. शिवण बायकोच्या हातची होती.

"कामावर जात नाही?" विमाबाईंनी विचारलं.

"नाही."

"फेरी कशी असते तुमची?"

"महिन्यातून एक दिवस. सकाळी सहाला घरून निघतो. वाटेत एकेक गाव घेत जातो. शेवटचं गाव शहराच्या तोंडाशी आहे. दीडच्या पुढं-मागं प्रयोगशाळेत."

"घरी यायला दिवेलागण होते," बायको म्हणाली. "त्या दिवशी दुपारी हे कधीच नसतात. भिंगरी वाट बघत बसायची. येताना काहीतरी आणायचे तिला."

नवऱ्यानं डोळे मिटले.

"तुमच्या मेहुण्यानं हयगय केली असं वाटतं तुम्हाला?" विमाबाईंनी विचारलं.

त्यानं दाराशी पडलेल्या चपलांकडे पाहिलं. "त्याला काही बोलू नका," एवढंच म्हणाला.

परतीच्या वाटेवर वकील म्हणाले, "देवमाणूस. स्वतःची पोर गेली, तरी मेहुण्याला एक वाकडा शब्द नाही. सगळा गाव शिव्या घालतोय."

"हो," विमाबाई म्हणाल्या. "मीही तोच विचार करतेय."

गुरुवारी ते प्रयोगशाळेत गेले. तिथल्या मॅडम पांढऱ्या कोटातच डबा खात होत्या. दोनशे गावांचं पाणी आणि माणसं तीन, असं त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं.

"बाटली आम्ही भट्टीत तापवून, बूच लावून देतो," त्या म्हणाल्या. "ती उघडायची फक्त पाणी भरताना. विसळायची नाही, आत बोट घालायचं नाही. आणि भरल्यापासून सहा तासांच्या आत माझ्या टेबलावर पाहिजे. मिनिट जास्त झालं की मी परत पाठवते."

"हा नियम जुना आहे?"

"छे, गेल्या वर्षापासून. पूर्वी चोवीस तास चालायचे. नियम आला तेव्हा सगळ्यांनी बोंब मारली. ह्या नमुनेवाल्याची बाटलीसुद्धा दोन-तीनदा परत पाठवली मी, वरून समजपत्रही गेलं त्याला. मग सुधारला. आता सगळ्यात वक्तशीर तोच. वाईट झालं हो त्याचं."

"मुलीनंतरचा नमुना कुणी घेतला?"

"मी स्वतः. टाकीवरून नाही, थेट विहिरीतून." त्यांनी कागद काढला. "जंतू मोजण्यापलीकडे. जडपणा पाचशे तीस. निष्कर्ष, अयोग्य. चौकशीत गेलाय हा, गावाला अजून कळवलेलं नाही."

"आधीचे रिपोर्ट तुमच्याच सहीचे. जडपणा बघता का तुम्ही?"

"लिहिते. बघायला वेळ कुठं असतो?" मॅडम डब्याचं झाकण लावत म्हणाल्या. "जडपणानं माणूस मरत नाही, बाई."

मग विमाबाईंनी त्या नमुनेवाल्याच्या आठही गावांची फाईल मागून घेतली आणि तासभर वाचली. वकिलांनी तेवढ्यात डुलकी काढली.

समोर चहाची टपरी होती. विमाबाई आधी नळावर गेल्या. साबण लावला, तर फेसच फेस. हात धुतला तरी बुळबुळ जाईना. टपरीवाल्याची किटली जुनी होती, पण आतून कुठं पांढरा ठिपका नव्हता.

"शहराचं पाणी, धरणाचं," टपरीवाला म्हणाला. "चहा त्यानंच लागतो. सगळे सरकारी लोक इथंच येतात."

"बाटल्या घेऊन येणारे एक असतात, लांबच्या गावचे?"

"ते होय? महिन्याचे गिऱ्हाईक. पिशवीतनं बाटल्या काढतात, माझ्या नळावर धुतात, मग चहा. फार स्वच्छ माणूस. पोरीला खाऊ म्हणून बिस्किटं न्यायचे." त्याचा हात थांबला. "ती गेली म्हणे."

वकिलांनी दोन चहा संपवले. विमाबाईंचा कप तसाच राहिला. त्यांनी मॅडमकडून एक बाटली मागून आणली, टपरीच्या नळावर भरली आणि परत देऊन आल्या.

"त्यात काय बघायचंय?" वकिलांनी विचारलं. "इतका चांगला चहा झाला."

"तेच बघायचंय."

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता त्या मुलीच्या घरी सगळे जमले. नवरा आपल्या भिंतीशी. भाऊ उंबऱ्याबाहेर, कारण आत ये असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. गावप्रमुख खुर्चीवर. बाई चुलीजवळ उभी होती. वकील ऐटीत बसले होते. आज गावप्रमुखांचं पितळ उघडं पडणार, अशी त्यांची खात्री होती.

"मला प्रत्येकानं आपापली गोष्ट सांगितली," विमाबाई म्हणाल्या. "आणि कुणीच खोटं बोललं नाही. म्हणूनच जड गेलं. आधी हा भाऊ. त्यानं पावडर टाकली. रोज. रेघा कुणीही मारेल, पण आपण चुकलो म्हणणारा माणूस स्वतःच्या सोयीच्या रेघा मारून ठेवत नाही."

भावानं मान वर केली.

"घाण आली ती खड्ड्यातून."

"हे बघा—" गावप्रमुख उठले.

"बसा. अठरा पावलं आहेत, तीही उताराची. तुमचं तुम्ही अधिकाऱ्यांसमोर बोला. पण तुमचा प्रश्न बरोबर होता. खड्ड्यानंतरचा रिपोर्ट स्वच्छ कसा? मीही त्याच प्रश्नावर अडले होते. मग मी हात धुतले."

"हात?" वकील म्हणाले.

"इथं साबणाला फेस येत नाही. पातेल्याला पंधरा दिवसांत पूट चढतं. म्हणजे पाणी अतिशय जड, क्षार भरलेलं. पंपघराच्या भिंतीवर वरच्या बाजूला जुने रिपोर्ट आहेत. पाचशे दहा, पाचशे चाळीस, पाचशे वीस. मॅडमनी स्वतः घेतलेला, पाचशे तीस. आणि मधल्या तेरा महिन्यांचे? नव्वद, अठ्ठ्याऐंशी, एक्याण्णव. वकीलसाहेब, तुम्ही मोठ्यानं वाचलात."

"वाचलं खरं," वकील पुटपुटले.

"विहिरीला जंतू लागतील, जातील. पण जमिनीतला क्षार एका महिन्यात उडून जात नाही आणि तेरा महिन्यांनी परत येत नाही. तेव्हा त्या तेरा बाटल्यांमध्ये ह्या विहिरीचं पाणी नव्हतंच."

विमाबाईंनी आवाज चढवला नाही की उतरवला नाही.

"मग कुठलं? रिपोर्टावर वेळ आहे. बाटली भरली बारा पन्नासला, पोचली एक पस्तीसला. पाऊण तास. वकिलांनी गाडी न थांबवता आणली तरी दीड तास लागतो. आणि बारा पन्नासला ह्या गावात बाटली भरणारं कुणी नव्हतं. ते सकाळी सहाला गेलेले असतात. असं तुम्हीच सांगितलंत, ताई."

बाईचा हात चुलीच्या कडेवर होता. तो तिथंच राहिला.

"नियम आला सहा तासांचा. फेरी सुरू होते इथून, ह्या घरातून. सहाला इथली बाटली भरली, की दीडला ती साडेसात तासांची होते. बाकी सात गावं सहा तासांत बसतात, हे एकच बसत नाही. तिचं बूच उघडून बघायच्या आधीच ती परत यायची. मग ती बाटली रिकामी जायला लागली आणि शहरात, टपरीच्या नळावर भरायला लागली. टपरीवाल्याला वाटायचं, बाटली धुतायत. तापवून दिलेली बाटली कुणी धूत नाही. त्या नळाचं पाणी मी काल तपासायला दिलं. जंतू उद्या कळतील. जडपणा कालच कळला, एकोणनव्वद."

गावप्रमुखांनी नवऱ्याकडे पाहिलं. वकिलांनीही पाहिलं आणि त्यांची ऐट उतरली.

"पावडर चार मापं पडली," विमाबाई म्हणाल्या. "आठ पडायला हवी होती. रिपोर्ट खराब आला असता तर आठ पडली असती. बाटलीत इथलं पाणी असतं तर रिपोर्ट खराब आला असता. भाऊ वासाचं विचारायला आला, तेव्हाही त्याला तोच रिपोर्ट दाखवला गेला. सगळा गाव ह्या पोराला शिव्या घालत होता. एकच माणूस घालत नव्हता. आणि त्याला सोडवायला तोंडही उघडत नव्हता."

"होय," नवरा म्हणाला.

बस, एवढंच. मग त्यानं खुंटीवरच्या पिशवीकडे बोट केलं.

"सात गावांची पाणी मी खरी दिली."

"दिलीत. फाईल वाचली मी. सातही खरी आहेत."

वकिलांना राहवलं नाही. "अहो, पण परक्यांची सात खरी, आणि घरचंच एक खोटं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच की!" बोलल्यावर त्यांनी जीभ चावली.

"घरचं होतं म्हणूनच," नवरा म्हणाला. "दुसऱ्यांच्या पोरांशी असला खेळ करायची हिंमत नव्हती मला. एका बाटलीसाठी वेगळा हेलपाटा, येऊन-जाऊन तीन तास. म्हटलं, आपलंच तर पाणी आहे. माझा बाप प्यायला, मी पितो. त्याचं काय तपासायचं?" तो बायकोकडे बघत नव्हता. "मॅडम विहिरीवर आल्या त्या दिवशीच मला कळलं. सांगणार होतो. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू."

ती जागची हलली. चुलीपासून दारापर्यंत गेली. उंबऱ्याबाहेर बसलेल्या भावापाशी वाकली.

"जेवलास का रे?" तिनं विचारलं.

भावानं तिच्याकडे पाहिलं. नाही म्हणून मान हलवली.

"आत ये."

तो आत आला. येताना त्या लहान चपलांना पाय लागू नये म्हणून त्यानं केवढं तरी लांब पाऊल टाकलं.

"मी उद्या जाऊन अधिकाऱ्यांना सगळं सांगतो," नवरा म्हणाला. "लिहून देतो."

"उद्या नाही."

तिनं खुंटीवरून पिशवी काढली. पहिल्या कप्प्यात हात घातला. आपलं गाव कुठल्या कप्प्यात हे शिवणारीला ठाऊक होतंच. बुचाची बाटली घेऊन ती नळापाशी गेली. नळ सोडला, थोडं पाणी वाहू दिलं. बाटली विसळली नाही. बूच काढलं, भरली, बूच लावलं. चिठ्ठीवर गावाचं नाव लिहिलं. घड्याळाकडे पाहून वेळ लिहिली, दहा. 'नमुना घेणाऱ्याचं नाव' ह्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं.

मग बाटली नवऱ्याच्या हातात दिली.

"सहा तास आहेत," ती म्हणाली. "चारला त्याची सही आहे. त्याच्या आधी ही मॅडमच्या टेबलावर ठेवा, आणि चौकशी अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगा. वाटेत कुठं थांबू नका."

तो उठला. बाटली त्यानं पिशवीत घातली नाही. सदऱ्याच्या आत, छातीशी धरली आणि बाहेर गेला. मोटारसायकल दोनदा किक मारल्यावर सुरू झाली. गावप्रमुखही कुणाचा निरोप न घेता निघून गेले.

"मीही जाऊ का त्यांच्या मागं?" वकिलांनी हळूच विचारलं. "म्हणजे, पोचतात ना, ते बघायला."

"पोचतील," विमाबाई म्हणाल्या. "बाटलीच्या बाबतीत माणूस वक्तशीर आहे. पण जा. तिथं त्यांना वकील लागेल."

वकील खरोखरच उठले, कंबरेबद्दल एक शब्द न काढता.

बाईनं भावासमोर ताट ठेवलं. तो खाली मान घालून जेवायला लागला. ती विमाबाईंच्या शेजारी येऊन बसली.

"मला वाटलं होतं, एकदा कळलं की रडू येईल," ती म्हणाली. "काहीच येत नाहीये हो. माझं काही चुकतंय का?"

"नाही," विमाबाई म्हणाल्या. "येईल तेव्हा येईल."

"हे संध्याकाळी परत आले तर काय करू?"

विमाबाईंनी दुसरं ताट ओढलं, त्यात भाकरी वाढली आणि तिच्यापुढं ठेवलं.

भावानं ताट धुतलं. फेस आला नाही, तरी तो बराच वेळ घासत राहिला. मग पावडर टाकायला पंपघराकडे निघाला. दारात थांबून त्यानं विचारलं, "ताई, किती टाकू?"

"आठ," ती म्हणाली.